शिंप्याचा उद्या

आमच्या घरात दोन उद्या होते. एक सगळ्यांचा असतो तो, आणि दुसरा बाबांचा. बाबा शिंपी. गिऱ्हाईक दारात दिसलं की ते गळ्यातली टेप काढत, झटकत, पुन्हा खांद्यावरून मागे टाकत आणि म्हणत, "उद्या नक्की."

माझी ताई जन्मापासून बहिरी. तिला शब्द ऐकू यायचे नाहीत, पण टेप दिसायची आणि दुसऱ्या दिवशी तणतणत आलेलं तेच गिऱ्हाईकही दिसायचं. आईनं एकदा तिला हातवारे करून समजावलं की बाबा तुला नवा फ्रॉक शिवणार आहेत. ताईनं बाबांकडे एकवार पाहिलं, हातात नसलेली टेप झटकली आणि खांद्यावरून मागे टाकली. आईला हसू आवरेना. बाबांनी मात्र सगळी कामं बाजूला ठेवून आधी तो फ्रॉक शिवला.

आमची भाषा अशीच होत गेली. बाह्या सरसावल्या की आई. ओठांत टाचण्या धरल्यासारखं तोंड केलं की बाबा. नाक पुसलं की मी. सत्तरी उलटली तरी माझं नाव तेच आहे.

पुढे माझ्या लेकीची लेकही बहिरी निघाली. ताईच्या मांडीवर बसून ती आमच्याच खुणा शिकली. सात वर्षांची झाल्यावर तिला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. पहिल्या सुट्टीला आली तेव्हा तिची बोटं नुसती भिरभिरत होती. लेकीनंही शाळेच्या खुणा शिकून घेतल्या होत्या.

ताईनं कौतुकानं तिला बाबांची एक गोष्ट सांगायला घेतली. पोरीनं जरा वेळ पाहिलं, मग तिची बोटं धरून सरळ केली आणि शाळेतली 'चूक' ही खूण केली. पुन्हा एकदा केली. खूण नवी होती, पण ताईला कळायचं ते कळलं. तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि ते तिथेच राहिले. काही हवं असलं तर नुसती हनुवटी वळवायची. जन्मभर हातांनी गावगप्पा मारणारी बाई ती. घर मला खायला उठलं.

"तुझ्या लेकीला काही सांगशील की नाही?" मी म्हटलं.

"आई, ती सात वर्षांची आहे. शाळेतल्या बाई म्हणतात तेच तिला खरं."

"आणि ताईमावशी?"

"बघते. उद्या बोलते तिच्याशी."

तिचं सगळंच उद्यावर होतं. पोरीला तळ्यावर नेते म्हणून कबूल केलं होतं. रोज ती आईला ओढायची आणि आई शाळेच्या खुणेनं सांगायची, उद्या. एके दिवशी पोरीनं पाय आपटला. काहीतरी खरमरीत बोलायला हात उचलला आणि तो हवेतच राहिला. शाळेतला उद्या साधा, सरळ होता. हा न उजाडणारा उद्या सांगायला शाळेची खूणच नव्हती.

कोपऱ्यातून ताई बघत होती. तिचा उजवा हात हळूच मांडीखालून बाहेर आला. टेप झटकली, खांद्यावरून मागे टाकली.

पोरीनं पाहिलं. मग आईसमोर उभी राहून तिनंही टेप टाकली. लेक हुबेहूब माझ्या आईसारखी हसली आणि चपला शोधायला लागली. तळ्यावर ताईलाही नेलं. पोरीनं तिचा हात सोडला नाही, म्हणून बोलणं तेवढं एका हातानं झालं.

पुढच्या सुट्टीला तिला सोडायला शाळेच्या बाई स्वतः आल्या. "आमच्या वसतिगृहात नळ दुरुस्त करणारा यायचा असला की सगळी मुलं असं करतात," म्हणून त्यांनी हात खांद्यावरून मागे नेला. "आता आम्ही शिक्षकही करतो. ही खूण आली कुठून विचारलं, तर ही म्हणते ताईआजीकडून."

मी ताईला खुणेनं सगळं सांगितलं. ताई उठली. बाईंची बोटं धरून तिनं त्यांना आधी टेप झटकायला लावली, मगच मागे टाकू दिली. न झटकता टाकली तर गिऱ्हाइकाला तो सगळ्यांचा, खराच उद्या वाटायचा ना.

मग नातीकडे वळून तिनं बाईंकडे बोट दाखवलं आणि शाळेच्या खुणेनं म्हणाली, चूक.