भोपळ्याची लोकर

मावशीचं आणि कुत्र्यांचं कधी जमलं नाही. त्यातही वरच्या मजल्यावरच्या भोपळ्याशी तर तिचा उभा दावा होता. भोपळ्या म्हणजे पिवळट रंगाचा, अंगभर केसांचा, ऐसपैस कुत्रा. स्वभावाने इतका गरीब, की चोर आला असता तर त्याने त्याला पाणी विचारलं असतं. पण मावशी पडली लोकर कातणारी. घरात चरखा, खिडकीत वाळत घातलेल्या लडी, खुर्चीवर अर्धवट विणलेला कुणाचा तरी स्वेटर, आणि या सगळ्यावर जिन्यातून उडत येणारे भोपळ्याचे केस. "त्याला एकदाचा न्हाव्याकडे तरी न्या," असं ती त्याच्या मालकांना येताजाता सुनवायची. मालक म्हणजे घड्याळजी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, वयाने मावशीपेक्षा मोठाच, पण सगळी इमारत तिला मावशी म्हणते म्हणून तेही मावशी म्हणायचे. ते सगळं ऐकून घ्यायचे, हसायचे आणि कुत्र्याला घेऊन चालू लागायचे.

भोपळ्या म्हातारा झाला आणि गेला. जिना स्वच्छ झाला. मावशीला बरं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही.

मग एका सकाळी घड्याळजी तिच्या दारात आले. दाढी वाढलेली, हातात गच्च भरलेला उशीचा अभ्रा.

"मावशी, याची लोकर होईल का हो?"

अभ्र्यात भोपळ्याचे केस होते. रोज विंचरताना निघालेले, टाकवले नाहीत म्हणून साठवलेले.

"मफलर व्हावा एवढे असतील," ते म्हणाले. "फक्त दुसरी लोकर मिसळू नका. एक केससुद्धा नको."

मावशीने चिमूटभर केस घेतले आणि चरख्याच्या चातीवर पीळ देऊन पाहिला. धागा धरत होता. मऊ होता, मेंढीच्या लोकरीहूनही मऊ. आता हे कबूल करायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या भांडणावर पाणी सोडायचं, ते काही तिला जमेना. मग तिने नाक मुरडलं.

"वास बघा किती मारतोय! आधी स्वच्छ धुवून आणा, मग बघू."

घड्याळजींनी मान हलवली आणि अभ्रा छातीशी धरून ते वर गेले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांची सून भेटली, कामावर निघालेली.

"मावशी, तुम्ही काय जादू केलीत? भोपळ्या गेल्यापासून बाबा घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. जेवले की खुर्चीत, उठले की खुर्चीत. डॉक्टर म्हणतात, असेच बसून राहिले तर पाय जातील. आम्ही बोलून बोलून थकलो. आणि काल तुमच्याकडून आले ते स्वतः गाणं गुणगुणत पाणी तापवायला ठेवलं!"

मावशी पायरीवरच थांबली.

"पाणी कशाला तापवलं?"

"केस धुवायला. चांगलं खळखळा उकळलं, साबण घातला आणि काय घासलंय म्हणून सांगू! माझ्या लग्नातली भांडीसुद्धा एवढी घासली गेली नसतील."

मावशीने पुढचं ऐकलंच नाही, ती वर पळाली. कातणाऱ्या घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं, की लोकरीला कढत पाणी आणि साबण लावून घासलं, की केसात केस अडकतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. पण घड्याळजींच्या घरी कोण लोकर कातत होतं? धुवून आणा म्हणाली ती, कसं धुवायचं ते सांगायला जीभ वळली नव्हती.

घड्याळजींनी दार उघडलं तेव्हा त्यांची दाढी केलेली होती. "आता वासाचं नाव काढून दाखवा," म्हणत त्यांनी अभिमानाने तिच्या हातात वस्तू ठेवली. जाड, घट्ट, पिवळट चादरीसारखा एकच तुकडा. पोळपाटावर लाटल्यासारखा सपाट.

"छान झालंय," मावशी म्हणाली. तुकडा घडी करून तिने काखेत मारला.

घरी येऊन तिने काय काय नाही केलं. थंड पाण्यात भिजवला, दातेरी ब्रशने विंचरला, क्रोशाच्या सुईने एकेक केस उकलायला घेतला. सुटायचे त्याहून जास्त केस तुटत होते. शेवटी तिने हात टेकले आणि तिला रडू आलं. कुत्र्यासाठी, तेही भोपळ्यासाठी! मग तिची नजर कपाटातल्या मेंढीच्या लोकरीकडे गेली. रंग हुबेहूब तोच. मफलर विणून दिला तर त्या भल्या माणसाला कधी कळणार होतं? तिने लोकर काढली, चरख्याला लावलीसुद्धा. पण चाक फिरवायला हात उठेना. त्या मफलरवरून हात फिरवत ते भोपळ्याशी बोलतील आणि ऐकणार कोण, तर कुठली तरी मेंढी. एवढी फसवणूक तिच्याच्याने होणार नव्हती. तिने लोकर परत कपाटात कोंबली, तो तुकडा घेतला आणि जिना चढली.

"घड्याळजी, मफलर होणार नाही." तिने सगळं एका दमात सांगितलं. "चूक माझी. मी नीट सांगायला हवं होतं."

घड्याळजींनी तो तुकडा मांडीवर घेतला.

"दोनदा घासलं मी," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा काही गरज नव्हती. जिवंतपणी तरी कुठे एवढा स्वच्छ होता तो?" आणि चष्मा काढून ते डोळे पुसू लागले.

मावशीला ते बघवेना. "अहो, पण हे वाया गेलेलं नाही. याला नमदा म्हणतात. लोक मुद्दाम करतात असं. याची टोपी होईल."

"तो कधी माझ्या डोक्यावर चढून बसला नाही."

"मग बसायला आसन?"

"त्याच्यावर बसू मी? काहीतरीच काय!"

घड्याळजींनी चष्मा पुसायला रुमाल काढला, तसा तुकडा मांडीवरून घसरून त्यांच्या पायांवर पडला. ते उचलायला वाकले आणि वाकलेले तसेच राहिले.

"इथेच झोपायचा," ते हळूच म्हणाले. "माझ्या पायांवर. मुंग्या येऊन पाय बधिर व्हायचे, तरी हलवायचो नाही मी."

मावशीने जरा दम घेतला. म्हणावं की नाही?

"बुटाच्या आत घालायचे तळवे होतील याचे. ऊबदार होतात. पण पायाखाली घ्यायला तुमचं मन..."

घड्याळजी तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हाक मारली, "सूनबाई, माझे बूट कुठे ठेवलेस ग?"

सून नुकतीच कामावरून आली होती. ती हातातली पिशवीसुद्धा न ठेवता बूट घेऊन आली. घड्याळजींनी पाय ठेवून पेन्सिलीने कड आखली. जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला माणूस, पण कात्री धरली आणि तशीच मावशीपुढे केली.

"तुम्ही कापा, मावशी."

मावशीने कापलं. कड विसकटू नये म्हणून क्रोशाने बारीक टाके घालायला हवे होते. "पण त्याला धागा लागेल," ती चाचरत म्हणाली, "आणि माझ्याकडे तो मेंढीचाच."

"घाला. तेवढ्यावरून तो काही भांडणार नाही. भांडण तुमचंच असायचं."

मावशीने खालून क्रोशा आणि धागा आणला आणि त्यांच्यासमोर बसून टाके घातले. एकदा उगाचच तिने त्या तळव्यावरून हात फिरवला. "फार मऊ केस होते हो त्याचे," ती म्हणाली, आणि इतकी वर्षं हे का म्हटलं नाही याचं तिला वाईट वाटलं.

तळवे बुटात बसले. घड्याळजींनी नाडी बांधली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, मग दाराशी जाऊन कोट घातला. सून घाबरीघुबरी झाली.

"बाबा, आत्ता कुठे निघालात?"

"त्याला जरा फिरवून आणतो," घड्याळजी म्हणाले आणि जिना उतरू लागले.