दोन्ही भाषांत चालणारं रडणं

नांदेडात एखाद्याची भरभराट होतेय हे त्याला सगळ्यात आधी लोकांच्या तोंडून कळतं. मृत्युंजयच्या ‘दोनकाठ प्रॉडक्शन्स’ला लोक ‘दोनतोंडी’ म्हणायला लागले, तेव्हा आपलं बरं चाललंय अशी त्याची खात्री पटली.

सुरुवात लग्नांपासून झाली होती. मुलगा बिलोलीचा आणि मुलगी नदीपलीकडची, तेलंगणातली, अशी लग्नं त्या भागात पिढ्यानपिढ्या होतात. मृत्युंजयचे आईवडील त्यातलेच. पण अशा लग्नाची फिल्म दोन भाषांत करून द्यावी हे सुचलं मृत्युंजयला. वरपक्षाची मराठी, वधूपक्षाची तेलुगू. मराठीत वरमाय जास्त दिसायची, तेलुगूत जेवणावळ. दोन्ही घरं खूश राहायची, कारण दुसऱ्याची फिल्म कुणी बघत नसे. “राष्ट्रीय एकात्मता अशीच टिकते,” असं तो आधी गमतीने म्हणायचा. पुढे वाहिन्यांच्या बैठकांत तेच गंभीर चेहऱ्याने म्हणू लागला, आणि बैठकीतले लोक ते लिहून घेऊ लागले.

लग्नांवरून यूट्यूब, यूट्यूबवरून मालिका. लातुरात एका शिकवणी वर्गाचा मोठा हॉल रिकामा पडला होता, तिथे स्टुडिओ झाला. भिंतीवर डॉक्टर झालेल्या मुलामुलींचे फोटो रंगवलेले होते, त्यांच्यापुढे पाटलाच्या दिवाणखान्याची प्लायवूडची भिंत उभी राहिली. प्रत्येक प्रसंग दोनदा व्हायचा. आधी मराठीत, लगेच तेलुगूत. मधल्या वेळात बायकांच्या केसांत गजरे चढायचे, ताटातली भाकरी जाऊन भात यायचा आणि देव्हाऱ्यातल्या विठोबाच्या जागी वेंकटेश बसायचा. एकदा घाईत दोघेही राहिले. तक्रार कुणाचीच आली नाही.

मग मालिकेतल्या आबांना मारायची वेळ आली.

आबा म्हणजे भावाची जमीन गिळलेला, दोन घरं करून राहिलेला म्हातारा. प्रेक्षकांना तो इतका आवडायचा, की त्याच्या मरणावर आठवडाभर मालिका चालेल असं वाहिनीचं मत पडलं. आबांच्या बायकोचं काम करायची महादेवी. बाई उदगीरची, मराठी आणि तेलुगू दोन्ही सफाईने बोलणारी. ती रडायचीही चांगली, पण नुसतं पाणी काढायची. वाहिनीला हवा होता गावाकडचा आकांत. मयताच्या उशाशी बसून, हेल काढून, गेलेल्याशी बोलत बोलत बाया रडतात तसा.

“तसलं मला येत नाही सर,” महादेवी म्हणाली. “आमच्या घरी मयत झालं तेव्हा आई रडली. मी बारावीला होते, मला अभ्यासाला बसवलं होतं.”

तिला नमुना म्हणून ऐकवायला रामलिंगने एक जुनी फाइल काढली. रामलिंग शिरूर अनंतपाळचा, कंपनीतला भागीदार. आवाज आणि संकलन त्याच्याकडे. टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी मृत्युंजयचे वडील गेले, तेव्हा सीमेवरचा नाका बंद होता आणि आईच्या माहेरचं कुणीच येऊ शकत नव्हतं. त्यांना निदान बघता यावं म्हणून रामलिंगने लग्नाचाच कॅमेरा लावून अंत्यविधी टिपला होता. आवाज घेण्याचं यंत्र नवीन होतं. फार सुरेख आवाज आला होता.

फाइल सुरू झाली. मृत्युंजयची आई, पार्वतम्मा, नवऱ्याच्या उशाशी बसून रडत होत्या. “अय्यो देवुडा, नन्नु वदिली पोयावा,” मला सोडून गेलास का, हे माहेरच्या तेलुगूत. मग श्वास घेऊन, “आता मी कुनाकडं बघू वं माय,” हे सासरच्या मराठीत. एक ओळ नदीच्या त्या काठाची, एक या काठाची. ठरवून कुणी लिहिलं असतं तर कृत्रिम वाटलं असतं.

महादेवीने अर्ध्यातच कानावरचं काढून ठेवलं. “हे कुणाच्या घरातलंय?”

“आमच्या,” मृत्युंजय म्हणाला.

“मग मला नका ऐकवू,” ती म्हणाली आणि चहाला निघून गेली.

दोघेच उरले. मृत्युंजय आपल्या चपलांकडे बघत होता. त्याच्या मनात जे आलं ते त्याच्या आधी तिथे कुणाच्याच मनात आलेलं नव्हतं. या एका गोष्टीचं श्रेय त्याला निर्विवाद द्यावं लागेल.

“रामलिंग, हेच लावलं तर? महादेवी नुसते ओठ हलवील. तोंडावर पदर ठेवू. दोन्ही भाषांत एकच आवाज चालेल.”

रामलिंगने मान वर केली नाही. “काकूंना विचारलंस का?”

“विचारतो.”

“तसं न्हाई. आधी विचार, मग लावतो.”

“तू लाव. मी विचारतो म्हटलं ना.”

एक अडचण निघाली. बिलोलीच्या त्यांच्या गल्लीत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते तेवढंच, तेही लाजत. पार्वतम्मांनी जन्मभर नवऱ्याला ‘गुरुजी’ म्हटलं, साऱ्या बिलोलीसारखं. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा, आणि भर बायांत, त्यांनी ‘सटवाजी’ अशी हाक मारली होती. एकेरी, एखाद्या मैत्रिणीला मारावी तशी. ती हाक कापली की हेल तुटत होता. मृत्युंजयने थोडा विचार केला आणि हाक तशीच ठेवून पात्राचंच बारसं केलं. दोनशे भाग झाले तरी आबांना नाव नव्हतं. हार घातलेल्या फोटोखाली आता ‘कै. सटवाजी’ अशी पाटी आली. चाळीस वर्षं बिलोलीच्या पोरांना पाढे शिकवलेल्या माणसाचं नाव जमीन गिळणाऱ्या आबांना मिळालं.

तो भाग लागला आणि कंपनी वाढली. नुसती वाढली नाही, उधाण आलं. आकांताचा तुकडा मोबाइलवर फिरला. बसस्टँडवर वाजला, रिक्षात वाजला. वाहिनीने दुसरी मालिका दिली आणि वर सिनेमाचं बोलणं सुरू केलं. एका मुलाखतीत महादेवीला विचारलं, “इतकं खरं रडणं कुठून आणता?” तिने मृत्युंजयकडे पाहिलं. तो म्हणाला, “ते आतून यावं लागतं.”

सगळ्यात जास्त चालली एक ओळ. “माझ्या न्हाणीचं पाणी तापवनारा गेला.” देगलूरकडच्या एका गीझरच्या दुकानाने त्या ओळीवर जाहिरात केली. ती गमतीदार होती असं सगळे म्हणाले.

मृत्युंजयची बायको शिल्पा नांदेडला कॉलेजात शिकवते. जाहिरात पाहून तिने फोन उलटा ठेवला.

“आईंनी पाहिलं असेल का हो?”

“आई तेलुगू वाहिनी बघते.”

“तेलुगूतही तेच लावलंय ना तुम्ही?”

यावर मृत्युंजयला आंघोळीला जायचं आठवलं.

तो रोज ठरवायचा, या रविवारी बिलोलीला जायचं आणि सांगायचं. रविवारी लोकेशन बघायचं निघायचं. फोनवर आई जेवणाचं विचारायची, तो पावसाचं विचारायचा. तिच्या बोलण्यात काही वावगं वाटत नसे. वाटू नये म्हणून तो फोनही लवकर ठेवायचा.

असं करता करता बिलोलीच्या घरासमोरचे बालाजीतात्या गेल्याचा फोन आला. वडिलांना खांदा द्यायला टाळेबंदीत चारच माणसं मिळाली होती, त्यातले एक तात्या. आता जाणं भाग होतं. गाडी चालवताना मृत्युंजयने आईशी बोलायची वाक्यं जुळवली. त्याला ती आधी मराठीत सुचली, मग तेलुगूत. दोन्हींत सारखीच लंगडी होती.

गल्लीच्या तोंडाशीच आकांत ऐकू आला. चांगुणामावशींचा, तात्यांच्या बायकोचा आवाज वर, बाकीच्या बायांचा खाली. मयतीच्या घराचा एक नियम आहे. तो कुणी शिकवत नाही. नवं माणूस दारात आलं की ओसरत आलेलं रडणं पुन्हा उसळतं. येणाऱ्याला बिलगून, त्याला सांगून, पुन्हा पहिल्यापासून. ज्याच्या येण्याने रडणं वाढत नाही तो परका.

मृत्युंजय दारात आला आणि रडणं थांबलं.

एकदम थांबलं असंही नाही. आधी कडेच्या बायांनी पदर तोंडात धरले, मग मधल्यांनी. शेवटी चांगुणामावशी एकट्या उरल्या. त्यांनी वर पाहिलं, तोंडात आलेला शब्द गिळला आणि भिंतीकडे वळून बसल्या. उशाशी उदबत्ती जळत होती. मृत्युंजयला वाटलं आपण वाकून नमस्कार करावा. त्याने केला. उठताना खिशातला मोबाइल जमिनीवर टेकून खट्‌ वाजला.

“चालू हाय का रं त्ये?” कुणी तरी म्हातारीने विचारलं.

“नाही मावशी, बंद आहे.”

“ह्याच्या बापाच्या येळंलाबी बंदच व्हतं म्हने,” दुसरी म्हणाली.

“दोन भाषांत बंद व्हतं,” तिसरी म्हणाली. मयत समोर होतं, म्हणून कुणी हसलं नाही.

त्याने मोबाइल काढून बाहेर ओट्यावर ठेवला. ओट्यावरच्या पुरुषांनी मोबाइलकडे पाहिलं आणि त्याच्यापासून जरा सरकून बसले. तो आत आला. तरी कुणी रडेना. सगळ्या बाया खाली बघत होत्या, तालुक्याच्या कचेरीत नंबर लागायची वाट बघत बसतात तशा. तात्यांचं प्रेत मधोमध, आणि त्यांच्यासाठी कुणालाही रडता येत नव्हतं.

कोपऱ्यातून पार्वतम्मा उठल्या. लेकी-सुनांच्या गर्दीतून वाट काढत आल्या, त्याच्या दंडाला धरलं आणि समोरच्या आपल्या घरात घेऊन गेल्या. तांब्याभर पाणी दिलं. तो पाणी प्याला, कारण तेवढा वेळ बोलावं लागणार नव्हतं.

“अम्मा, मी सांगायलाच येणार होतो.”

“हाव.”

“तू पाहिलंस?”

“मी दोन्ही बघते की. आधी तेलुगू, मग मराठी. तुझं काम हाय म्हनून.” त्या चौकटीला टेकल्या. “आधी वाटलं, कोन बया माझ्यावानी रडून राहिली. मंग तिनं नाव घेतलं.”

मृत्युंजयने तांब्या खाली ठेवला.

“नावाचं एक असू दे,” त्या म्हणाल्या. “पन पान्याचं तरी काढायचं व्हतं रे नायना, बाळा.”

ते पाणी काय होतं हे त्याला माहीत होतं. त्यानेही ते वडील गेले त्या दिवशी आकांतातच पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याच्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात आईची कंबर गेली, तेव्हापासून वडील पहाटे उठून चुलीवर तिच्या आंघोळीचं पाणी ठेवायचे आणि गल्ली जागी व्हायच्या आत पुन्हा अंथरुणात शिरायचे. मास्तर बायकोचं पाणी तापवतो म्हटल्यावर गल्लीने त्यांना जगू दिलं नसतं. आकांतात आई ते बोलून गेली. साऱ्या बायांनी ऐकलं आणि दहाव्यालासुद्धा एकीनेही त्याचा उच्चार केला नाही. आकांतात निघालेलं तिथेच सोडून यायचं असतं. म्हणून तर बाया तिथे काहीही बोलू शकतात.

“पोरं म्हनतात आता,” पार्वतम्मा म्हणाल्या. “मी नळावर गेली की. ‘गुरुजी, पानी तापलं का?’”

“कोण पोरं? नाव सांग.”

“काय करशील?”

“मी काढून टाकतो,” तो म्हणाला. “वाहिनीला सांगतो. सगळीकडून काढायला लावतो.” बोलतानाच त्याला कळत होतं, की ते गीझरवाल्याकडे आहे, रिक्षात आहे, कुणाकुणाच्या लेकरांना पाठ आहे. वाहिनीने तर सिनेमाची सुरुवातच त्याच आवाजाने करायची म्हटलं होतं, आणि त्याने अजून नाही म्हटलेलं नव्हतं.

“सिनेमात पण घेणार होतो,” तो म्हणाला. हे त्याने का सांगितलं, त्याला कळलं नाही. “आता नाही घेत.”

पार्वतम्मा समोरच्या दाराकडे बघत होत्या. तिथे अजून सामसूम होती. मग हलक्या आवाजात, लहानपणी त्याला शाळेत धाडताना बोलायच्या तशा त्या म्हणाल्या,

“तू जा आता.”

“तात्यांना पोचवून जातो अम्मा. खांदा तरी देतो.”

“खांद्याला मान्सं हायेत. तू हायेस तवर बायांना रडाया येईना. चांगुणाला कवाचं दाटून आलंय. माझंबी त्येच.” त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला दाराकडे नेत होता. “जा नायना. जेवून जा म्हनलं असतं, पन आज चूल न्हाई.”

ओट्यावरून त्याने मोबाइल उचलला. एका म्हाताऱ्याने मानेनेच बरं म्हटलं. बाकीच्यांनी तेही केलं नाही. गाडी वळवायला जागा कमी होती. ती पुढेमागे होताना सारी गल्ली वाट बघत थांबली होती.

तो कोपऱ्याशी पोचला तेव्हा मागे पहिला हेल उठला. चांगुणामावशींचा. त्यामागोमाग दुसरा, आणि तो आईचा होता, तेलुगूत. मग सगळ्यांचा मिळून. दुपारची वेळ, रस्त्यावर ट्रक नव्हता, कुत्रं भुंकत नव्हतं, वारा पडलेला. आवाज स्वच्छ येतोय, असं त्याच्या कानाने आपसूक टिपलं.

गाडीची काच वर करायला हवी होती. त्याने ती केली, पण जरा उशिरा.