रिकाम्या खिशाची थरथर

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल खचाखच भरला होता. दाराशी एक मोठी टोपली ठेवली होती आणि आत येणारा प्रत्येक जण आपला मोबाईल बंद करून तिच्यात ठेवत होता. ठेवताना चेहरे असे, की जणू एक किडनीच काढून देतोय. आत लोक खुर्च्यांवर डोळे मिटून बसले होते आणि समोर, गादीच्या खुर्चीत, नेटवर्कबाबा. हे नाव लोकांनीच ठेवलेलं, त्याने ते खुशाल मिरवलेलं.

"वर रेंज फुल आहे," बाबा लोण्यासारख्या आवाजात म्हणाला. "तुमची गेलेली माणसं रोज तुम्हाला फोन लावतात. तुम्हीच बिझी. आज यंत्र टोपलीत गेलं, लाइन मोकळी झाली. आता तुमचं शरीर हाच फोन. गप बसा, वाट बघा. वाजेल."

थोडा वेळ फक्त पंख्यांची घरघर चालली. मग पहिल्या रांगेतल्या बस ड्रायव्हरने दचकून छातीवर हात ठेवला. "वडिलांचा आला," तो म्हणाला आणि एवढा दांडगा गडी मुसमुसून रडायला लागला. त्याच्या मागे किराणा दुकानदाराने मांडी धरली. पलीकडे एका शिंपिणीने कमरेला हात लावून नवऱ्याला हाक मारली. बघता बघता अर्धा हॉल थरथरला. अंगावर मोबाईल नाही, तरी अंगात तो वाजतोय. आता याला चमत्कार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, सांगा.

शेवटच्या रांगेत मास्तरीण बसली होती. शाळेत विज्ञान शिकवायची, जिभेने तिखट, आणि बुवा-बाबा म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. ती इथे आली होती ती शेजारी बसलेल्या आईसाठी. आईने चार घास धड खाल्ल्याला कितीतरी दिवस झाले होते.

त्याचं असं झालं. मास्तरणीचा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून येताना अपघातात गेला. त्या दुपारी त्याने घरच्या फोनवर आईला फोन केला होता. आई मोबाईल वापरायचीच नाही. शेगडीवर दूध होतं. "दूध उतू जातंय रे, नंतर कर," असं म्हणून तिने फोन ठेवला. नंतर आला तो पोलिसांचा. तेव्हापासून कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या त्या फोनकडे आई ज्या नजरेने बघायची, ती नजर मास्तरणीला सोसत नसे.

शेजारीण आईला या हॉलमध्ये घेऊन आली. सगळ्यांना फोन आले, आईला आला नाही. पुढच्या बैठकीला नाही, त्याच्याही पुढच्या बैठकीला नाही. मग बाबाने डोळे मिटून निदान केलं, "आजी, तुमचा माणूस रागावलाय तुमच्यावर." झालं. त्या मेल्याला काय जातंय बोलायला. आई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली आणि तेव्हापासून तिचं एकच, "रागावलाय गं तो. मी फोन ठेवला ना."

म्हणून मास्तरीण आज बाबाचं पितळ उघडं पाडायला आली होती. दोरा, तार, खुर्चीखालचं यंत्र, काहीतरी सापडेल म्हणून ती डोळे फाडून बघत होती. काही म्हणजे काही नव्हतं. कंटाळून तिनेही डोळे मिटले.

आणि तिच्या उजव्या कमरेशी थरथरलं.

खरं सांगायचं तर क्षणभर तिची विज्ञानाची सगळी पुस्तकं कुठल्या कुठे गेली. भाऊच, असं तिला वाटलं. हात आपसूक कमरेकडे गेला आणि कुर्त्याच्या उजव्या खिशात शिरला. तिचा मोबाईल रोज असतो, त्याच खिशात. खिसा रिकामा होता.

तिने डोळे उघडले आणि आता ती लोकांचे हात बघायला लागली. मग उठून सरळ ड्रायव्हरपाशी गेली. "काका, फोन कुठे ठेवता रोज?"

"हा काय, शर्टाच्या खिशात." त्याचा हात अजून तिथेच होता.

दुकानदार म्हणाला पँटच्या डाव्या खिशात, आणि स्वतःच आपल्या डाव्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिला. शिंपिणीला विचारावंच लागलं नाही. तिच्या कमरेची मोबाईलची छोटी पिशवी सगळ्यांना दिसत होती.

"तुमचे वडील बरोबर फोनच्याच खिशात कसे आले हो काका?" मास्तरणीचा आवाज चढला. "वर्षानुवर्षं फोन एका जागी ठेवला की मेंदू त्या जागेवर पहारा देत बसतो. कपडा घासला, स्नायू जरासा फडफडला, की तो म्हणतो फोन आला. घरीसुद्धा होतं तुम्हाला हे. खिसा चाचपता आणि फोन टेबलावर असतो. तेव्हा नाही म्हणत कोणी, स्वर्गातून आला. डॉक्टरांना विचारा, ते सांगतील. यात भूत नाही. आपण दिवसभर, झोपेतसुद्धा, त्या फोनच्या नोकरीवर आहोत, एवढंच आहे यात."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. मास्तरणीला चेव आला. "ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी हात वर करा बघू."

मोजकेच हात वर आले. सगळे म्हातारे. त्यात आईचा.

"तुमच्यापैकी कोणाला फोन आला?"

एकालाही नव्हता. "आयुष्यात सगळ्यांत जास्त माणसं यांची गेली," मास्तरीण म्हणाली, "आणि फोन नाही आला तो यांनाच. रागावलं-बिगावलं कोणी नाही. यांच्याकडे मोबाईल नाही, बस."

काही लोक उठले, टोपलीतून फोन घेऊन मान खाली घालून निघाले. ड्रायव्हर हलला नाही. मास्तरणीला वाटलं, आता बाबाची बोबडी वळणार. बाबा कसला. तो गालातल्या गालात हसला.

"ताई किती छान बोलल्या. आत्मासुद्धा ओळखीच्याच दारातून येणार ना? ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी घ्यावं. रात्रंदिवस अंगाशी ठेवावं. सराव झाला की दार उघडेल."

राहिलेल्यांनी माना डोलावल्या. मास्तरणीने आईचा हात धरला आणि ती दाराकडे निघाली. तिचाच मुद्दा बाबाने उलटा करून तिच्यासमोर धरला होता.

घरी जाताना आई हळूच म्हणाली, "म्हणजे फोन जवळ ठेवला, की येतो?"

"आई, तो खरा फोन नसतो गं. भास असतो. आत्ता एवढं सांगितलं ना."

"हो, कळलं मला. किती दिवस ठेवावा लागतो?"

दुसऱ्या दिवशी आईने शेजारच्या मुलीकडून मोबाईल मागवला. मास्तरणीने रागावून बघितलं, समजावून बघितलं, एकदा तर लपवूनही ठेवला. तेव्हा आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली. शेवटी मास्तरणीने स्वतः तो तिच्या हातात दिला. आईने त्याला कापडी पिशवी शिवली आणि ती कमरेला बांधली. झोपतानाही सोडेना. नंबर फक्त घरच्यांकडे, तरी दिवसभर कंपनीचे नाही नाही ते मेसेज यायचे आणि प्रत्येक थरथरीला ती दचकायची. झोप उडाली. पाठ धरली. डोळ्यांखाली काळं आलं. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि हात कमरेवर न्यायची. डॉक्टरांनी फोन बाजूला ठेवा म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "ठेवते हं, एकदा येऊन जाऊ दे." पुढे काय होणार ते मास्तरणीला ठाऊक होतं, आणि ते अडवायला तिच्या हातात काहीच नव्हतं.

एका सकाळी मास्तरीण डबा भरत होती. आईचा फोन चार्जिंगला टेबलावर होता. आई शेगडीपाशी दुधावर लक्ष ठेवून उभी होती आणि उभ्या उभ्या थबकली. तिचा हात कमरेवर गेला. चेहरा असा उजळला, की भाऊ गेल्यापासून तसा तो मास्तरणीने पाहिला नव्हता.

"आला गं," आई म्हणाली. "नाही रागावलेला तो."

दूध वर चढत होतं. मास्तरणीने पुढे होऊन गॅस बंद केला. सगळं उत्तर तिच्या जिभेवर होतं. हॉलभर लोकांना तिने ते ठणकावून दिलं होतं. "आई," ती कशीबशी म्हणाली, "फोन टेबलावर आहे. तो बघ."

"बघितला की," आई म्हणाली. "फोन तिथे आहे, म्हणून तर हा त्याचाच."

तर मंडळी, सवयीचा भास चमत्कार म्हणून खपवायचा, बाबाची युक्ती एवढीच होती. तुमचा खिसा रिकामा असताना थरथरला, तर आत हात घाला आणि रिकाम्याला रिकामाच म्हणा. कोणी तुम्हाला चमत्कार दाखवला, तर तो कोणाकोणाला दिसत नाही ते आधी विचारा. आणि घरात कोणी दुःख उराशी धरून बसलं असेल, तर हे सगळं त्याच्याशी वेळेत बोला, त्याला फोन येण्याच्या आधी. मास्तरीण हुशार होती, खरं बोलली होती, पण बाबा तिच्या आधी आईपर्यंत पोचला होता.