बाबांच्या हातचा शिरा

जबलपूरजवळच्या शहपुऱ्यात, करणी उतरवणाऱ्या एका बाबांच्या अंगणात दोनेकशे माणसं बसली होती. बाबांनी अवंतीवहिनीच्या पोटावरून कणकेचा गोळा सात वेळा फिरवला, फोडला आणि आतून केसांचा गुंता काढला.

"देख लो. खाने में टोना खिलाया है," बाबा म्हणाले. "जो रोज़ परोसती है, उसी ने."

आमच्या घरी रोज वाढते ती माझी आई, म्हणजे वहिनीची सासू. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. गुंत्यातले केस पांढरे होते. आईचे सहा वर्षांपासून मेंदीने तांबडे आहेत. पण ते कुणी तपासलं नाही.

आठ महिन्यांपासून जेवण झालं की वहिनीच्या पोटात कळ यायची. चौदा किलो वजन गेलं. एंडोस्कोपीत काही सापडलं नाही, तेव्हा एका डॉक्टरांनी "टेन्शन आहे" म्हणून सोडून दिलं. बाबांचा उपाय ठाम होता: नऊ दिवस फक्त लिंबूपाणी. पहिल्याच दिवशी कळ थांबली आणि चमत्काराची बातमी पार मझौली गावापर्यंत गेली.

"गुण येऊन राहिला ना? तू काहून अडून राहिली?" वहिनीचा नवरा, माझा गौरांगदादा, मला म्हणाला.

"दादा, दुखतं जेवल्यावर. अन् ती जेवूनच नाही राहिली."

"मग केस?"

"ते कणकेत आधीच असतील."

नवव्या दिवशी मी घरून कणीक मळून नेली, तिच्यातूनही केस निघतात का ते बघायला. "घर का आटा अशुद्ध है," बाबांनी गोळा परत केला. मग उपास सोडायला त्यांनी स्वतः केलेला शिरा स्वतःच्या हाताने वहिनीला भरवला. मी घड्याळ पाहिलं. एकोणिसाव्या मिनिटाला वहिनी गुडघे छातीशी घेऊन आडवी झाली.

"टोना जाते-जाते तड़पा रहा है," बाबा म्हणाले. गर्दीने हात जोडले.

"महाराज, आज तो आपने परोसा था," मी म्हटलं.

बाबांनी डोळे मिटले. दादाने मात्र उघडले. वहिनीला उचलून गाडीत ठेवलं.

जबलपुरात डॉक्टर दीप्तींनी सोनोग्राफी करताना वहिनीला श्वास सोडायला सांगितलं, मग घ्यायला. श्वास सोडला की पोटाकडे जाणारी एक धमनी चिमटली जायची. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाचा एक पट्टा तिला दाबत होता. जेवल्यावर पोटाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नव्हतं.

"असा दाब काहींना असतो, तरी त्रास होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून आधी बाकीचं सगळं तपासू. हा आजार क्वचितच दिसतो, म्हणून चुकतो."

"म्हणजे मी नाटक नव्हते करत?" वहिनीने विचारलं.

"नाही."

वहिनी सोबत आलेल्या आईकडे वळली. "आई, बाबांकडे जायच्या आधीचे दोन महिने मी संशयाने तुमच्या हातचं लपून टाकून देत होते."

"माहीत आहे," आई म्हणाली. "कचरा मीच टाकते."

तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, पट्टा सोडवला. महिन्याभराने वहिनीने आईच्या हातची एक पोळी खाल्ली आणि दुसरी मागितली.

कुणी गुण आला म्हणालं, तर त्या दिवसांत आणखी काय बदललं होतं ते विचारा. आणि तपासणीत काही सापडलं नाही, तर दुसरी तपासणी करा. घरातला गुन्हेगार शोधू नका.