पित्तच आहे, पड जरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. मला दयामाया नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कराडच्या एका भट्टीत मला ओतलं आणि रत्नप्रभाबाईंच्या रुखवतातून मी चंदीगडला आलो. त्यांचा नवरा नंदकुमार सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत इंजिनियर होता.

त्याला रोज रात्री माझ्यातला ठेचा लागे. वर तेल, पोटाला तडस लागेपर्यंत जेवण, मग सिगारेट आणि लगेच आडवा! मग काय होणार? आंबट पाणी घशाशी यायचं, छातीच्या मधल्या हाडामागे जळजळायचं, वाकलं की आणखीच. "रत्ना, मेलो गं!" मला अशी मजा यायची! बाईंनी थंड दूध द्यायचं, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावायच्या. "जरा लवकर जेवा, सिगारेट सोडा," म्हणाल्या की हा वसकन अंगावर यायचा. या सगळ्याला घरात नाव एकच, पित्त. आपल्या लोकांचं डोकं दुखलं तरी पित्तच होतं.

पंजाबात तेव्हा रोज गोळीबाराच्या बातम्या. एका उन्हाळ्यात शहरात कर्फ्यू लागला. भर दुपारी बाई माझ्यात दाणे कुटत होत्या आणि बत्ता हातातून सुटला. छातीवर दडपण, डावा हात भरून आलेला, अंग घामाने निथळलेलं.

"अहो, हे काहीतरी वेगळंच आहे. डॉक्टरांना बोलवा ना."

"कर्फ्यूत कोण येणार? पित्तच आहे, पड जरा."

त्यांचं कण्हणं शेजारच्या हरबंस कौरनी ऐकलं. अंगणाच्या भिंतीवरून त्यांनी विचारलं, "की होया भैणजी नूं?"

नंदकुमारने अंगणात जाऊन सांगितलं, "कुछ नहीं जी, पित्त हुआ है."

आता पंजाबीत पित्त म्हणजे घामोळं! "हाय, गर्मी वी ते किन्नी ऐ," म्हणत त्यांनी पावडरचा डबा भिंतीवरून दिला. त्यांचा जावई हृदयाचा डॉक्टर. कर्फ्यूमुळे सासरीच अडकलेला, आत राजमा-चावल खात बसला होता. हे नंदकुमारला ठाऊक होतं. पण बायकोच्या पित्तासाठी एवढ्या मोठ्या डॉक्टरला जेवणावरून उठवायचं? छे! त्याला त्या डब्याचंच हसू आवरेना. "रत्ना, बघ तरी, घामोळ्याची पावडर दिली!" असं म्हणत तो घरात आला. बाई गेल्या होत्या.

मित्रांनो, तिखट, उशिराचं जेवण, सिगारेट यांनी जळजळ होते, ती आवरा. पण दडपण, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर पित्त म्हणत बसू नका, डॉक्टर गाठा. नंदकुमार आता हे अगदी शिकलाय बरं का! ठेचा खाऊन जरा जळजळलं की धावत हॉस्पिटलात जातो. तिथे स्वच्छ हिंदीत सांगतो, "सीने में दर्द है, जल्दी देखिए." त्याला काहीही झालेलं नसतं.