मोहदऱ्याचा पट

वर्षाराणीची बदली धारूरच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली तेव्हा महांतेशनं एकच अट घातली. घर कुठं घ्यायचं ते शाळा ठरवणार.

तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करायचा. इंटरनेट असलं की त्याला कुठलंही गाव चालणार होतं. तोवर बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. खाली सकाळपासून पातेली आदळायची आणि वर महांतेशची मीटिंग चालू असायची. त्याच्या पुण्याच्या साहेबाला बरेच दिवस वाटत होतं की याच्या घरात रोज लग्न असतं. जूनमध्ये मुलगी कावेरी पहिलीत जाणार होती, त्याआधी नीट घर बघणं भाग होतं.

सरकारच्या वेबसाइटवर प्रत्येक शाळेची माहिती असते. पट किती, शिक्षक किती, नळाला पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, वाचनालय, संगणक, सगळं. महांतेशनं तालुक्यातल्या यच्चयावत शाळा एका तक्त्यात घातल्या आणि प्रत्येकीला गुण दिले. सगळ्यात जास्त गुण होते ते एका शिक्षकामागं किती मुलं आहेत याला. मुलं जितकी कमी, तितके गुण जास्त.

"म्हणजे पोरंच नसलेली शाळा पहिली येईल," वर्षाराणी म्हणाली. ती गमबूट धूत होती.

"तसं नाही. त्याला मी कमीत कमी मर्यादा लावलीय."

"लावली असणारच."

तक्त्यात पहिलं आलं मोहदरा. घाटाच्या कडेला वसलेलं छोटं गाव. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, एकोणीस मुलं. वाचनालय आहे, संगणक आहे, रॅम्प आहे, हात धुवायला नळ आहेत. महांतेशला तर एखाद्या मुलीचं स्थळ आल्यासारखं झालं. त्यानं लगेच चौकशी केली. गावात ज्ञानोबा नावाच्या माणसाचं नवं घर रिकामं होतं, कारण ज्या मुलासाठी बांधलं तो चाकणला रमला होता. आणि ज्ञानोबाच शाळा समितीचा अध्यक्ष होता.

"या की साहेब, शनिवारी या," ज्ञानोबा फोनवर म्हणाला. "पोरगी कितवीला हाय म्हनलाव?"

"यंदा पहिलीला. मला आधी शाळा बघायचीय. भरलेली असताना."

फोन ठेवला आणि ज्ञानोबा तडक शाळेत गेला. तिथं राजश्री मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, गेले सहा महिने एकाच काळजीत होत्या. पट विसाच्या खाली राहिला तर दुसऱ्या शिक्षकाला, म्हणजे सरांना, काढून घेणार, असं वरून आलं होतं. शाळेत होते एकोणीस, आणि चौथीतून जाणारी तेवढीच पहिलीला येणारी, म्हणजे जूनमध्येही एकोणीसच. मागल्या वर्षी दोन पोरं आईबापाबरोबर उसतोडीला कर्नाटकात गेली ती तिकडंच राहिली, नाहीतर ही वेळ आली नसती.

"मॅडम, विसावी पोरगी चालत यायलीय," ज्ञानोबा म्हणाला. "पर साहेब शाळा भरलेली बघायची म्हनतोय. आपली एवडीशी पोरं बघून पळून जायचा."

"आहे ती शाळा दाखवू," मॅडम म्हणाल्या. "मला खोटं काही नको."

"खोटं कावून? खरीच पोरं आनतो."

शनिवारी सकाळची शाळा. मॅडम साडेसातला आल्या तर दारात पिकअप उभी होती, आणि तिच्यातून ज्ञानोबाच्या बहिणीच्या गावची, डोंगरापलीकडल्या सालदऱ्याची पोरं उड्या मारत होती. मॅडमनी कपाळाला हात लावला. ओरडावं म्हटलं तर महांतेशची गाडी वळणावर दिसायला लागली होती. आणि शाळेची खिचडी शिजवणाऱ्या दगडाबाईनं तर मोठी कढई चुलीवर ठेवून जिलेबीचा पहिला घाणा टाकलाही होता.

महांतेश बायको-मुलीला घेऊन वर्गाच्या दारात आला आणि थबकला. एका बाकावर पाच-पाच पोरं कोंबलेली. खिडकीत पोरं. फळ्याखाली पोरं. सगळी एका सुरात "नमस्तेऽ" म्हणाली तेव्हा वरचा पत्रा हलला. चौथीच्या रांगेत तर एकाला मिसरूड फुटलेली होती.

"कशी हाय शाळा?" ज्ञानोबानं छाती काढून विचारलं.

महांतेशचा चेहरा उतरला. तो बायकोच्या कानाशी लागला. "वर्षा, वेबसाइटवरचं सगळं चुकलंय. एवढी मुलं आणि शिक्षक दोनच! माझ्या तक्त्यात ही शाळा शेवटच्या पानावर जाईल."

ज्ञानोबाला ते ऐकू आलं नाही, पण उतरलेला चेहरा दिसला. पोरं अजून कमी पडली, असं समजून तो मागच्या दारानं गेला आणि पारावर पत्ते खेळणाऱ्या दोन पोरांना आत ढकललं. त्यातल्या एकाच्या खिशात मोटरसायकलची चावी होती.

वर्षाराणी मात्र वेगळंच बघत होती. दुसऱ्या बाकावरचा एक तरतरीत पोरगा तिची नजर चुकवत होता. ती सरळ त्याच्याजवळ जाऊन वाकली.

"काय रे, तू पवन ना? तुझ्या म्हशीचं रेडकू कसं आहे?"

पोराच्या तोंडावर आनंद फुटला. "लई उड्या मारतंय! डॉक्टरबाई, तुमी त्याला वडून काडलं तवा मीच बॅटरी धरलती!"

"हो की. पण ती म्हैस सालदऱ्याला होती."

पवननं जीभ चावली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "म्हैस सालदऱ्याचीच हाय. मी आजच्यापुरता हितला."

वर्षाराणीनं ओढणी तोंडाला लावली. हसू आवरेना म्हणून ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. नवऱ्याला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण लगेच नाही. गेले दोन महिने ती त्याच्या तोंडून टक्केवारी ऐकत जेवत होती. अजून थोडा वेळ त्याचा घाम निघाला तर तिची काही हरकत नव्हती.

ती बाहेर असतानाच कावेरी पवनशेजारी जाऊन बसली. दोघांची कुजबुज झाली. महांतेश तेव्हा वर्गाच्या मधोमध उभा राहून राजश्री मॅडमना सभ्यपणे नकार कसा द्यावा याचे शब्द जुळवत होता.

"पप्पा!" कावेरीचा आवाज खणखणीत होता. "पोरंसुद्धा भाड्यानं मिळतात?"

पवननं तिची बाही ओढली.

"काय म्हणतेस, कावेरी?"

"हा म्हणतो, आमाला भाड्यानं आणलंय, जिलेबीवर. आपण घर घेतो तसंच ना?"

मिसरूडवाला हळूच खिडकीकडे सरकला. ज्ञानोबा फळ्यावरचा सुविचार पहिल्यांदाच बघितल्यासारखा वाचायला लागला. राजश्री मॅडमचा चेहरा लाल झाला, पण त्यांनीच तोंड उघडलं.

"साहेब, माफ करा. मी नको म्हणाले होते, तरी माझ्या शाळेत घडलं म्हणजे जबाबदारी माझीच. आमची मुलं उभी राहा रे."

इकडून तिकडून मुलं उठली. गर्दीत ती आणखीच थोडी वाटली.

"एवढीच आहेत," मॅडम म्हणाल्या. "एकोणीस. तुमची मुलगी आली तर वीस होतील आणि आमच्या सरांची जागा वाचेल. नाही आली तर पुढच्या वर्षी मी एकटीच. आता तुम्ही ठरवा."

महांतेशनं बोटानं दोनदा मोजलं. मग त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की ज्ञानोबा घाबरून एक पाऊल मागं सरला.

"एकोणीसच?"

"एकोणीसच."

"अहो मग उत्तम! फारच उत्तम! वर्षा, आकडा बरोबर होता!"

ज्ञानोबा वर्षाराणीजवळ गेला. "डॉक्टरीनबाई, मला कळंना गेलं. पोरं लई होती तर साहेबाचं तोंड वाकडं, आन् पोरं न्हाईत म्हनलं तर खूश. ह्येंचं कसं वो?"

"घरीही असंच आहे," ती म्हणाली.

पण महांतेशचा आनंद फार टिकला नाही. एक गोष्ट बनावट निघाली म्हटल्यावर त्याला बाकीच्यांचाही संशय आला. त्यानं मोबाइलवर तक्ता उघडला आणि एकेक गोष्ट दाखवा म्हणाला. वाचनालय म्हणजे एक पत्र्याची पेटी होती, पण पुस्तकांची पानं मळकी होती आणि कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या, म्हणजे वाचून झालेल्या. रॅम्प होता, त्यावर दगडाबाईनं कुरडया वाळत घातल्या होत्या. नळाला पाणी होतं. संगणक मात्र दिसेना.

"ते माझ्या घरी हाय," ज्ञानोबा म्हणाला. "शाळेची खिडकी मोडकी, चोरी व्हईल म्हनून. गोधडीत गुंडाळून कपाटात ठिवलंय. लई जपतो."

"म्हणजे मुलं शिकतात कशावर?"

"माझ्या घरी येऊन. सांजच्याला. माझी सून शिकलेली हाय, तीबी शिकती."

महांतेशला याला 'आहे' लिहावं की 'नाही' ते कळेना. तो मोबाइलवर अंगठा अधांतरी धरून तसाच उभा राहिला. एवढ्यात दगडाबाईनं परात आणून ओट्यावर आदळली.

"त्ये मोबाइल खिशात घाला आन् खावा आदी. भाड्याची पोरं बी खावा, घरची बी खावा. तुमचं भांडन मागनं."

मग भाड्याची, घरची आणि पाराची अशी सगळी पोरं पंगतीत बसली. कावेरी पवनच्या शेजारी बसली आणि कोपरापर्यंत पाक ओघळेस्तोवर खाल्लं. राजश्री मॅडम चौथीतल्या एका मुलीकडून छोट्यांची नावं वाचून घेत होत्या, ज्याचं नाव येईल त्याला एक जिलेबी जास्त. शेवटी कावेरीनंही फळ्यावरचं 'क' ओळखून आपल्या जिलेबीवर हक्क सांगितला. महांतेश ते बघत होता. पण त्याचं ठरत नव्हतं, हे वर्षाराणीला बरोबर कळलं.

"अहो," ती म्हणाली, "ज्ञानोबांच्या घराला दोन न्हाणीघरं आहेत. खाली भांड्यांचं दुकान नाही. माझ्या अर्ध्या म्हशी याच बाजूला आहेत. आणि पोरगी इथून उठायला तयार नाही. तुम्ही पुढचा तक्ता इथं बसून करा."

असं मोहदरा ठरलं. मे महिन्यात सामान आलं आणि जूनमध्ये कावेरीचं नाव दाखल झालं. राजश्री मॅडमनी त्या दिवशी महांतेशला पेढा दिला. सरांची जागा वाचली. एका शिक्षकामागं बरोब्बर दहा मुलं, असं महांतेशनं पुण्याच्या मित्रांना फोन करकरून सांगितलं. मित्रांची मुलं साठ-साठच्या वर्गात होती, त्यामुळं त्याला फारच गोड वाटलं.

आठवड्याभरात डोंगराच्या पायवाटेनं पवन आला. बरोबर सालदऱ्याची आणखी पाच पोरं.

"आमाला हितंच शिकायचं हाय," त्यानं जाहीर केलं.

"का रे?" मॅडमनी विचारलं.

"तिकडं गुरुजी म्हनतेत, गप बसा. हितं तुमी म्हनता, बोला."

आयांना विचारलं तर त्यांचीही ना नव्हती. पट वाढला म्हणून ज्ञानोबानं फटाकड्यांची माळ लावली. महांतेश तेवढा व्हरांड्यात उभं राहून पुटपुटत होता, "दहाचे तेरा झाले. तेरा म्हणजे फार."

दोन दिवसांनी महांतेश-वर्षाराणी कावेरीला शाळेत सोडायला आलेले असताना सालदऱ्याचे गहिनीनाथ गुरुजी फटफटीवर धूळ उडवत आले. रागानं त्यांची टोपी तिरकी झाली होती. "माझी पोरं पळवली! ही काय माणुसकी झाली?"

ज्ञानोबा खिचडीच्या तांदळाच्या पोत्यामागं लपायच्या बेतात होता. महांतेश पुढं झाला आणि त्यानं गुरुजींना खुर्ची दिली.

"गुरुजी, उलट तुमचा फायदा झाला. सहा मुलं गेल्यामुळं तुमच्या शाळेचं प्रमाण सुधारलं. मी कालच हिशेब केला. आजच्या घडीला तालुक्यात तुम्ही पहिले आहात."

गुरुजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वर्षाराणीकडं वळून हळू आवाजात विचारलं, "ह्यांची तब्येत बरी असते ना?"

"माणसांचं मी बघत नाही, गुरुजी," म्हणून वर्षाराणी नवऱ्याकडं वळली. "आणि अहो, तुम्हाला आत्ताच सांगते. सालदऱ्याला मी सामान हलवणार नाही."

चहा झाला. मग तडजोडीची बोलणी सुरू झाली. गुरुजी सहाही परत मागत होते, ज्ञानोबा दोन द्यायला तयार होता. राजश्री मॅडम म्हणाल्या की पोरं म्हणजे काही शेळ्या नव्हेत, त्यांनाच विचारा. पोरांनी आपसात बोलून सांगितलं: गुरुजी वर्गात बोलू देणार असतील तर तिघं परत येतील, बाकीच्यांचं दिवाळीनंतर बघू. गुरुजी आधी तापले, मग जरा ओशाळले, आणि शेवटी टोपी सरळ करून म्हणाले, "बोला. पर एका वक्ताला एकानंच."

ते तिघांना फटफटीवर घेऊन निघाले, एक पुढं टाकीवर आणि दोघं मागं. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत तिघांचीही बडबड ऐकू येत होती, आणि गुरुजींचा आवाज एकदाही आला नाही.