पाचव्या मजल्याचा रिले

बाबांनी रिलेच्या दोन चांदीच्या टिकल्यांमध्ये कोऱ्या कागदाची पट्टी सरकवली, बोटाने हलकेच दाब दिला आणि पट्टी ओढून काढली. कागदावर काळी रेघ उमटली. ती त्यांनी चष्म्याजवळ नेऊन पाहिली आणि मान डोलावली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती लॅपटॉपसमोर कपाळाला आठ्या घालून बसली होती. रविवारची दुपार. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लिफ्टचे जुने रिले, ते विजेवर चालणारे खटके, दुरुस्तीला बाबांकडेच येत, आणि तिचं चिपचं काम सुट्टीच्या दिवशीही तिच्यामागे घरी येई.

"एका टेबलावर दोन कारखाने," आई आतून म्हणाली. "जेवण काय जिन्यात वाढू?"

"लिफ्टमध्ये वाढ," बाबा म्हणाले. "गरम गरम वर येईल."

मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय गं ठिणगे, कुठे अडलंय?"

सहाव्या वर्षी तिने प्लगच्या भोकात सेफ्टी पिन घातली होती, तेव्हापासूनचं हे नाव. एरवी ती म्हणाली असती, जाऊ द्या बाबा, फार किचकट आहे. आज सकाळपासून डोकं इतकं पिकलं होतं की तिने सरळ पडदाच त्यांच्याकडे फिरवला.

"मी फक्त लिहिते, काय व्हायला हवं ते. कसं, ते नाही. हे सॉफ्टवेअर ते वाचतं आणि तयार गेटच्या, म्हणजे चिपमधल्या बारीक स्विचच्या, साठ्यातून हवी ती गेट निवडून जोडतं."

"म्हणजे तू मागणी लिहितेस आणि गोदामवाला सुटे भाग काढून देतो."

"हो. पण आज गोदामवाल्याने एक भाग जास्तीचा दिलाय. लक्षात ठेवणारा. मी मागितला नव्हता."

"मागणी वाच बघू."

"विनंती आली, तर वाट मोकळी कर."

"आणि नाही आली तर?"

तिने पडदा परत आपल्याकडे वळवून पाहिला. दोनशे बाराव्या ओळीखाली तिने काहीच लिहिलं नव्हतं.

बाबा इतके हसले की मांडीवरचा रिले खाली पडता पडता राहिला. "मग ते बिचारं काय करणार? आधी होतं तेच धरून बसणार! चार तास गोदामवाल्याला शिव्या घालतेयस, आणि मागणीच अर्धी."

तिलाही हसू आलं. बाबांनी हातातल्या रिलेची पाकळी नखाने दाबली. ती टक् करून बसली.

"धरून ठेवणं वाईट नसतं गं. लिफ्टचं बटण दाबून माणूस बोट काढून घेतो. पुढे हा धरून ठेवतो, म्हणून दिवा लागलेला राहतो. नाहीतर लिफ्ट येईपर्यंत बोट टेकवूनच उभं राहावं लागलं असतं. पण लिफ्ट आली, की सोडता आलं पाहिजे."

त्यांनी नख काढलं. पाकळी टक् करून सुटली.

तिला एकाएकी अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. तेव्हा ती नोकरीत नवी होती. ऑफिसची लिफ्ट बंद पडली होती, म्हणून टीमप्रमुख बाई धरून टीममधल्या चौघांबरोबर ती जिना उतरून तळमजल्यावर आली, तर लिफ्टशेजारचं लोखंडी कपाट उघडून निळ्या गणवेशात बाबा उकिडवे बसलेले. ती इमारत आता त्यांच्याकडे आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या मनात आलं, त्यांनी हाक मारली तर ओळख करून देऊ. बाबांनी वर पाहिलं. तिच्याकडे, मग तिच्याबरोबरच्या माणसांकडे. आणि ते खाली वाकून पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधू लागले. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातातच होता.

हाक मारली नाही तर काय करायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं. ती चालत राहिली. संध्याकाळी बाबांनी एवढंच विचारलं, "आता नीट चालते ना लिफ्ट?" ती हो म्हणाली.

"बाबा," तिने आत्ता हाक मारली.

"काय?"

"उचला ते कारखाने!" आई दोन्ही हातांत भांडी घेऊन दारात उभी होती. "चटके बसतायत मला."

दोघांनी घाईघाईने टेबल रिकामं केलं. जेवताना बाबांनी आईला गोदामवाल्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा निवून गेला तरी ते खोलीतून बाहेर आले नाहीत. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात ती कामावर परतली. दोनशे बाराव्या ओळीपुढची इशाऱ्याची पिवळी खूण कुणी काढली नव्हती. कुणीतरी ती ओळ दुरुस्त केली असती तर बरं झालं असतं, असं तिला क्षणभर वाटलं. मग नाही वाटलं. तिने खाली एक ओळ लिहिली. नाहीतर, वाट बंद. सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. जास्तीचा भाग नाहीसा झाला.

जेवणाच्या सुट्टीत टीमप्रमुख बाईंबरोबर ती निघाली, तर लिफ्ट बंद. बाई जिना उतरताना धापा टाकत म्हणाल्या, "चिप बनवतो आपण, आणि पाच मजले पायी." तळमजल्यावर लोखंडी कपाट उघडं होतं. कानशिलांवरचे केस पिकलेला एक मेकॅनिक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर टॉर्च धरून वाचत होता.

तिचे पाय थांबले. अक्षर उभट, प्रत्येक ओळीखाली पट्टीने मारलेली रेघ. किराणा सामानाची यादीही बाबा अशीच लिहायचे.

"अजून किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"झालंच. पाचव्याचा रिले चिकटला होता." मेकॅनिकने कागदावर बोट ठेवलं. पाचाच्या आकड्यासमोर लाल फुली होती. "काकांनी काम सोपवताना बजावलंच होतं. काही झालं तरी आधी पाचवा बघायचा. तिथे आमची लेक बसते म्हणाले, चिप बनवते, तिचा खोळंबा नको. दहा वेळा सांगितलं असेल. चिप म्हणजे काय तेही समजावलं, मला कुठलं कळायला!"

बाई हसल्या. "पाचव्यावर तर आम्हीच बसतो. आमच्यातली कोण म्हणायची ही लेक?"

मेकॅनिकने खांदे उडवले, कपाटात हात घातला आणि बटण दाबून पाहिलं. दिवा लागला. वर कुठेतरी दोर हलले आणि लिफ्ट खाली येऊ लागली.

"मीच ती," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ते शब्द तिला उलटे वाटले. बाबांनी तर ते कधीच सांगून टाकलं होतं, ज्याला त्याला, दहा-दहा वेळा. राहिलं होतं ते तिच्याकडचं.

लिफ्ट येऊन थांबली. दिवा विझला. दार उघडलं, तरी ती आत गेली नाही. तिने कपाटाच्या दारावरच्या कागदाला हात लावला, आणि बाईंकडे वळली.

"अकरा वर्षांपूर्वी आपण इथूनच गेलो होतो, तेव्हा ओळख करून द्यायची राहिली," ती म्हणाली. "हे माझे बाबा."